‘तिथे कोणीच नव्हतं’ : डोंगरातल्या एका तळ्याच्या शांततेचं वाचन

समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, कविता येते, फार तर नाटक किंवा सिनेमा येतो. आज आपण यांपैकी काहीच वाचणार नाही. आज वाचायचं आहे ते एक तळं, आणि त्या तळ्याच्या निमित्ताने लिहिले गेलेले तीन मजकूर : एक सरकारी टिपण, एक कायदा आणि तंबू ठोकणाऱ्यांसाठीची नियमावली. हे तिन्ही मजकूर साहित्य म्हणून कोणी लिहिले नाहीत. पण मराठीत गेली काही वर्षं अमेरिकेतल्या जंगलांविषयी, तळ्यांविषयी, तिथल्या कॅम्पिंगविषयी जे ललित लेखन येतं, त्याच्या पायाखाली हेच मजकूर पसरलेले आहेत. पाया न पाहता इमारतीचं मोल कसं करणार?

आधी ते ललित लेखन कसं असतं ते आठवू. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत सामान भरायचं, चार-पाच तास गाडी चालवायची, डांबरी रस्ता संपतो, खडीचा सुरू होतो, मोबाइलची रेंज जाते. मग झाडीतून अचानक पाणी दिसतं. तंबू उभारायचा, शेकोटी पेटवायची, डबाबंद राजमा गरम करायचा, नाहीतर घरून आणलेल्या दशम्या सोडायच्या. रात्री आकाशगंगा दिसते. सकाळी तळ्यावर धुकं असतं. आणि या सगळ्यात एक वाक्य हमखास येतं : तिथे कोणीच नव्हतं, फक्त आम्ही आणि ते तळं.

हे वाक्य खोटं आहे असं आम्हांला म्हणायचं नाही. लिहिणाऱ्याला तसंच वाटलेलं असतं, आणि ते वाटणं खरं असतं. पण समीक्षेचं काम तिथून पुढे सुरू होतं. कोणीच नव्हतं, ते का नव्हतं? शहरात जागेचा इंच इंच विकला जात असताना, इतक्या सुंदर पाण्याच्या काठावर एकही बंगला कसा नाही? एकही हॉटेल, एकही भजीची गाडी कशी नाही? या प्रश्नाचं उत्तर ‘निसर्ग’ असं देऊन चालत नाही. निसर्गाने काठावर बंगले बांधायला कधी मनाई केलेली नाही. मनाई माणसांनी केली, आणि त्याआधी काही माणसांना तिथून काढून लावलं. आजच्या व्याख्यानात आपण एवढंच म्हणणार आहोत की ती शांतता आपोआप उरलेली नाही, ती ठरवून केलेली आहे. तिच्यात एक चांगला निर्णय आहे आणि एक अन्याय आहे. जे लेखन या दोन्हींपैकी एकही पाहत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी अपुरं आहे.

आपण एकच तळं घेऊ, म्हणजे बोलणं हवेत जाणार नाही. कोलोरॅडो राज्याच्या वायव्य भागात व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात ट्रॅपर्स लेक नावाचं तळं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० मीटर उंचीवर. क्षेत्रफळ साधारण ३०० एकर. त्या राज्यातल्या मोठ्या नैसर्गिक तळ्यांपैकी ते एक आहे. भोवती उभे काळसर कडे आहेत, आणि कड्यांच्या माथ्यावर सपाटी. म्हणून त्या प्रदेशाला फ्लॅट टॉप्स म्हणतात. हा कातळ ज्वालामुखीचा, बेसॉल्ट. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ते कडे पाहून घरचं काही आठवल्याशिवाय राहणार नाही. एकावर एक थर, मधून आडव्या रेषा, वर पठार. फरक एवढाच की इथे कड्यांच्या पायाशी स्प्रूसची झाडी आहे आणि वर्षातले बरेच महिने बर्फ आहे. तळ्यातून व्हाइट नदीचा उत्तरेकडचा फाटा निघतो. पाण्यात कटथ्रोट जातीचा ट्राउट मासा आहे. इंजिनाची होडी न्यायला परवानगी नाही; वल्ह्याचीच न्यायची. रस्ता तळ्याच्या जवळपर्यंत येतो आणि थांबतो, काठाने फिरत नाही. तंबूंच्या जागाही काठापासून मागे आहेत.

हे ‘थांबतो’ आणि ‘मागे आहेत’ लक्षात ठेवा. आपला पहिला मजकूर तिथून सुरू होतो.

त्याआधी एक खुलासा, कारण मराठी लेखनात दोन शब्दांचा नेहमी घोळ होतो. राष्ट्रीय उद्यान वेगळं आणि राष्ट्रीय वन वेगळं. यलोस्टोन, योसेमिटी ही उद्यानं. ती गृह खात्यासारख्या नावाच्या, पण जमिनींचं काम पाहणाऱ्या ‘इंटिरियर’ खात्याकडे असतात. राष्ट्रीय वन शेती खात्याच्या वनसेवेकडे असतं. तिथे लाकूडतोड होते, गुरं चरतात, खाणी निघू शकतात, शिकार होते, आणि शिवाय लोक तंबूही ठोकतात. अशी १५४ वनं आहेत, मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. म्हणजे राष्ट्रीय वनातलं तळं शांत राहील याची मुळात कसलीच हमी नव्हती. उलट ते वापरावं हाच त्या जमिनीमागचा हेतू होता.

आता १९१५ सालात जाऊ. त्या वर्षी अमेरिकी संसदेने एक कायदा केला. राष्ट्रीय वनातली पाच एकरांपर्यंतची जागा तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीने उन्हाळी घरं, हॉटेलं यांच्यासाठी देता येईल असा तो कायदा. मोटारी वाढत होत्या, शहरातला मध्यमवर्ग डोंगराकडे निघाला होता. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, राष्ट्रीय उद्यानांची वेगळी सेवा स्थापन झाली, आणि वनसेवेला वाटायला लागलं की लोकांची करमणूक आपणही पुरवली पाहिजे, नाहीतर जमिनी त्यांच्याकडे जातील. सरकारी खात्यांची स्पर्धा आपल्याला काही नवीन नाही.

या धांदलीत १९१९ मध्ये डेन्व्हरच्या वनकार्यालयात आर्थर कारहार्ट नावाचा एक तरुण नोकरीला लागला. वय सव्वीस. शिक्षण उद्यानरचनेचं, म्हणजे बागा, रस्ते, मोकळ्या जागा आखण्याचं. त्याला ट्रॅपर्स लेकला पाठवलं ते मोजणी करायला. काम साधं होतं : तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि सुमारे शंभर उन्हाळी घरांच्या जागा पाडायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर प्लॉटिंग करायचं होतं. कारहार्टने मोजणी केली. परत येऊन वरिष्ठांना सांगितलं की इथे घरं बांधू नयेत, आणि रस्ताही काठाला नेऊ नये. वरिष्ठांनी ते मानलं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू मेक्सिकोकडच्या वनविभागातला अधिकारी आल्डो लिओपोल्ड त्याला भेटला. दोघांचं बोलणं झालं, आणि मग कारहार्टने लिओपोल्डसाठी आपले विचार एका टिपणात मांडले. तेच हे टिपण.

ते कसं लिहिलं आहे? अगदी कार्यालयीन. त्यात धुकं नाही, आकाशगंगा नाही. त्यातला युक्तिवाद साधारण असा : मानवाने केलेल्या सुधारणा निसर्गरम्य जागी किती न्यायच्या, याला कुठेतरी मर्यादा घालावी लागेल. तळ्यांचे काठ मोजकेच आहेत, ते वाढत नाहीत. एकदा घरं उभी राहिली की तो काठ त्या घरवाल्यांचा होतो. आणि जे कोणी माणसाने घडवलेलं नाही, त्यावर सगळ्या लोकांचा हक्क असला पाहिजे.

आम्हांला या टिपणात सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की, कारहार्ट ‘पवित्र’, ‘शुद्ध’, ‘अस्पर्श’ या दिशेने मुख्य भर देत नाही. तो हिशेब करतो. शंभर घरं म्हणजे शंभर कुटुंबं. बाकी सगळे लोक त्यांच्या कुंपणाच्या बाहेर. एकही घर नाही म्हणजे कोणीही यावं, रात्र काढावी, जावं. न बांधणं हे इथे वाटणीचं साधन आहे. आणि हा नुसता तर्क नाही. १९१५च्या कायद्याच्या वाटेने इतर ठिकाणी जे झालं ते आजही दिसतं. राष्ट्रीय वनांत अशी खाजगी उन्हाळी घरं अजूनही चौदा हजारांच्या आसपास आहेत. जमीन सरकारची, म्हणजे सगळ्यांची. पण ओसरी एकाची. ट्रॅपर्स लेकच्या काठी तंबू ठोकणाऱ्याला जी मोकळीक मिळते, ती या एका नकारातून आलेली आहे.

इथे एक बारीक गाठ आहे, ती लपवायला नको. कारहार्टच्या मनात हा विचार पक्का व्हायला त्या तळ्याकाठच्या शिकाऱ्यांच्या तळावर भेटलेले दोन धनिक पाहुणे कारण झाले असं सांगितलं जातं. त्यांना आपलं शिकारीचं, मासेमारीचं रान शंभर घरांनी बिघडायला नको होतं. म्हणजे सगळ्यांच्या हक्काचा युक्तिवाद सुचवण्यात चार श्रीमंतांच्या सोयीचा वाटा आहे. मग तो युक्तिवाद खोटा ठरतो का? आम्हांला तसं वाटत नाही. विचार कुठून आला आणि विचार कुणाच्या कामी आला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. कारहार्ट स्वतः फार काळ नोकरीत राहिला नाही. १९२२च्या अखेरीस त्याने वनसेवा सोडली. लिओपोल्डच्या प्रयत्नांतून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोत गिला हे पहिलं रक्षित रान झालं. लिओपोल्डचं नाव जगभर झालं, कारहार्टचं तेवढं झालं नाही.

आता दुसरा मजकूर. १९६४चा वाइल्डरनेस कायदा. ३ सप्टेंबर १९६४ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली आणि सुरुवातीला ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. पुढे १९७५ मध्ये ट्रॅपर्स लेकचा परिसर ‘फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस’ म्हणून त्यात आला. या कायद्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर यांनी लिहिला, पुनःपुन्हा लिहिला. आणि कायदा होण्याच्या चार महिने आधीच ते गेले. कायद्याच्या भाषेत क्वचितच दिसणारी शैली या मसुद्यात आहे. त्यांनी एक जुना शब्द निवडला, ‘अनट्रॅमल्ड’. त्याचा अर्थ स्वच्छ किंवा अस्पर्श असा नाही. ट्रॅमल म्हणजे जाळं, घोड्याच्या पायातला दावा. म्हणजे ज्याला दावं लावलेलं नाही असं रान. शब्दनिवड म्हणून ही फार चांगली आहे, कारण ती जमिनीबद्दल कमी आणि आपल्या हाताबद्दल जास्त बोलते : हात आवरा.

पण त्याच व्याख्येत पुढे असं म्हटलं आहे की या रानात माणूस हा पाहुणा आहे, मुक्कामाला राहत नाही. आपण इथे थांबू. मराठी कानाला ‘पाहुणा’ हा शब्द ऐकला की लगेच दुसरा शब्द ऐकू येतो : यजमान. पाहुणा म्हणजे कुणाच्या तरी घरी आलेला. यजमानाशिवाय पाहुणा ही गोष्टच होत नाही. त्या कायद्यात माणूस पाहुणा आहे, मग यजमान कोण? कायदा ती जागा रिकामी सोडतो. वाचणाऱ्याने तिथे ‘निसर्ग’ असं भरून घ्यावं अशी अपेक्षा आहे, आणि आपण मुकाट्याने भरून घेतो. पण ट्रॅपर्स लेकपुरतं विचारलं तर उत्तर निसर्ग हे नाही. यजमान होते, आणि त्यांना नाव आहे.

व्हाइट नदीच्या खोऱ्यात आणि या पठारांवर यूट लोक राहत होते. उन्हाळ्यात ते वर शिकारीला येत, थंडीत खाली उतरत. १८७८ मध्ये सरकारने नेथन मीकर नावाचा अधिकारी तिथल्या वसाहतीवर नेमला. यूट लोकांनी घोडे सोडावेत, शिकार सोडावी आणि नांगर धरावा, असा त्याचा आग्रह. घोड्यांसाठी राखलेली कुरणं आणि शर्यतीची जागा नांगरायला त्याने सुरुवात केली तेव्हा ठिणगी पडली. त्याने लष्कर बोलावलं. सप्टेंबर १८७९ मध्ये लढाई झाली, मीकर आणि त्याचे लोक मारले गेले, सैनिक आणि यूट दोन्हीकडची माणसं मेली. त्यानंतर काय झालं? १८८१ मध्ये व्हाइट नदीकाठच्या यूट लोकांना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला युटामध्ये हलवलं गेलं. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, याच पठाराला सरकारी राखीव वन म्हणून घोषित केलं. देशातलं दुसरं राखीव वन. आज ट्रॅपर्स लेकला जाताना ज्या गावात पेट्रोल आणि बर्फ घेतात, त्या गावाचं नाव मीकर आहे.

तारखा नुसत्या शेजारी ठेवून पाहा. १८८१ला माणसं गेली. १८९१ला जंगल ‘राखीव’ झालं. १९१९ला ते इतकं निर्मनुष्य दिसलं की घरं बांधावीत असं सरकारला वाटलं, आणि इतकं सुंदर दिसलं की बांधू नयेत असं कारहार्टला वाटलं. १९६४च्या कायद्याने माणसाला पाहुणा म्हटलं. ‘तिथे कोणीच नव्हतं’ हे वाक्य लिहायला अशी त्र्याऐंशी वर्षं लागली.

राखीव वन हा शब्द आपल्याकडेही घरातला आहे, आणि त्याचा या गोष्टीशी दूरचा का होईना पण खरा संबंध आहे. अमेरिकी वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांनी ज्यांना गुरू मानलं ते डीट्रिच ब्रँडिस. हे ब्रँडिस १८६४ पासून हिंदुस्थानातल्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक होते. १८७८च्या वनकायद्याने इथे राखीव जंगल नावाची वर्गवारी आली, आणि सह्याद्रीतल्या गावकऱ्याचं सरपण, चराई, राब हे सगळं परवानगीचा विषय झालं. तेव्हा कोलोरॅडोतल्या त्या रानाची कथा आपल्याला परकी वाटायला नको.

या प्रश्नावर दोन लेख फार गाजले. १९८९ मध्ये रामचंद्र गुहा यांनी अमेरिकी पर्यावरणवादावर तिसऱ्या जगातून टीका केली. माणूस वजा केलेलं रान हा आदर्श भारतासारख्या दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशात आणला तर त्याची किंमत गरीब मोजतात, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकेतही हे रान मुख्यतः सुखवस्तू माणसाच्या सुट्टीची सोय आहे. आठवडाभर त्याच औद्योगिक व्यवस्थेत कमवायचं आणि शनिवारी गाडीत बसून तिच्यापासून पळायचं. १९९५ मध्ये विल्यम क्रोनन या अमेरिकी इतिहासकाराने घरातूनच सांगितलं की ‘निर्मनुष्य रान’ ही निसर्गाने नव्हे, संस्कृतीने घडवलेली कल्पना आहे. दूरच्या रानाची पूजा करण्याच्या नादात आपण घराजवळच्या झाडाकडे, जिथे रोज राहतो त्या जमिनीकडे दुर्लक्ष करतो, हेही त्याने दाखवलं.

हे दोन्ही मुद्दे आपण मान्य करू. गाडीचा मुद्दा तर बोचरा आहे. आपल्या कॅम्पिंगच्या वर्णनांत पहिलं पान गाडीचं असतं आणि तिसऱ्या पानापासून गाडी गायब होते, जणू लेखक चालतच आला.

पण ही टीका वाचल्यावर एक सोपी वाट पकडली जाते, तिच्याशी आम्ही सहमत नाही. ती वाट म्हणते : मग हे सगळंच ढोंग आहे, रान वगैरे काही नसतं, बांधा घरं. असं म्हणणाऱ्याने कारहार्टचं टिपण पुन्हा वाचावं. यूट लोकांवर अन्याय झाला म्हणून त्याच काठावर शंभर बंगले बांधले असते, तर तो अन्याय कमी झाला नसता. त्यावर शंभर कुलपं बसली असती. काठ मोकळा आहे म्हणून निदान प्रश्न तरी मोकळा आहे. यजमानांचं नाव पुन्हा घ्यायचं ठरलं, त्यांच्याशी पुन्हा बोलायचं ठरलं, तर बोलायला ती जागा शिल्लक आहे. तेव्हा कारहार्टचा नकार आणि १९६४ची व्याख्या या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या पाहिजेत. कारहार्ट म्हणतो, कुणा एकाने इथे ठाण मांडू नये. कायदा म्हणतो, माणूस इथला नाहीच. पहिलं वाक्य वाटणीचं आहे, ते टिकतं. दुसरं वाक्य विसरण्याचं आहे, त्याला प्रश्न विचारत राहिलं पाहिजे.

आता तिसरा मजकूर, आणि हा सगळ्यांत साधा. तंबू ठोकणाऱ्याला मिळणारे नियम. एका जागी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त राहू नका. मोकळ्या रानात तंबू ठोकायचा असेल तर पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारे साठ मीटर, लांब ठोका; आधीच तुडवलेली जागा असेल तर तीच वापरा. शौचाला पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर बुजवा. भांडी तळ्यात धुऊ नका. पाणी बादलीत घेऊन लांब जा. अन्न अस्वलाला मिळणार नाही असं ठेवा. शेकोटी हाताला गार लागेपर्यंत विझवा. वाइल्डरनेसच्या हद्दीत सायकलसुद्धा नेऊ नका. तिथे वाटेवर पडलेलं झाड तोडायला वनसेवेचे कामगारही यांत्रिक करवत वापरत नाहीत. दोन माणसं दोन बाजूंनी ओढतात ती जुनी करवत वापरतात.

आपल्या ललित लेखनात हे नियम एकतर येत नाहीत, किंवा ‘तिकडे शिस्त फार’ अशा एका ओळीत येतात. आम्हांला वाटतं, या वर्णनांचा खरा मजकूर तोच आहे. साठ मीटर मागे सरकून ठोकलेला तंबू म्हणजे काय? पहाटे उठल्यावर तंबूच्या दारातून पाणी दिसणार नाही, हे मान्य करणं. दृश्याचा मालक न होणं. कारण पाण्याकाठी हरणं उतरतात, आणि दुसरा कोणी काठाने चालत आला तर त्याला आपल्या दोऱ्या ओलांडाव्या लागू नयेत. शंभर घरं नाकारणारा १९१९चा निर्णय प्रत्येक तंबूवाला रोज छोट्या मापात पुन्हा घेतो. ती शांतता अशी रोज बनवली जाते, हाताने, खड्डा खणून आणि बुजवून. ज्या वर्णनात हे येईल, त्यातली आकाशगंगा आपल्याला जास्त खरी वाटेल.

आणि न करण्याची किंमतही वर्णनात यावी. १९३९ मध्ये वादळाने या पठारावरचे स्प्रूस आडवे पडले, त्या पडलेल्या लाकडात खोडकिड्यांची पैदास वाढली, आणि १९४०च्या दशकात किड्यांनी उभं जंगल वाळवलं. राखाडी, वाळलेले बुंधे पुढे कित्येक वर्षं तसेच उभे होते. २००२च्या कोरड्या उन्हाळ्यात वीज पडून आग लागली. रानातली आग म्हणून सुरुवातीला तिच्यावर लक्ष ठेवून ती जळू दिली गेली. ऑगस्टमध्ये ती वाऱ्याने पसरली, सुमारे १७ हजार एकर जळालं, आणि तळ्याजवळचं जुनं लॉज आणि काही खोल्याही गेल्या. आज तिथे जाणाऱ्याला हिरवी चौकट मिळत नाही. जळके बुंधे, मधून उगवलेली कोवळी झाडं, फुलांचे ताटवे असं मिश्र दृश्य मिळतं. हात आवरणं हा निर्णय आहे, आणि कुठल्याही निर्णयासारखे त्याचे परिणाम कुणाला तरी भोगावे लागतात.

मग असं लेखन शक्य आहे का, ज्यात तळ्याचं सुखही आहे आणि हे भानही? आहे, आणि मराठी वाचकाच्या हाताशी आहे. थोरोचं ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ म्हणून मराठीत आणलं. वॉल्डन काही राष्ट्रीय वनातलं तळं नाही, गावापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं आहे. पण त्या पुस्तकात एक प्रकरण असं आहे ज्यात थोरो त्या झाडीत पूर्वी कोण राहत होतं याची आठवण काढतो. त्यांत गुलामगिरीतून सुटलेली माणसं आहेत, त्यांची नावं आहेत. कुणाच्या झोपडीचा खड्डा उरलाय, कुणाचं सफरचंदाचं झाड उरलंय, हे तो पाहून सांगतो. एकांताचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक, आणि त्यात हे प्रकरण! एकांत भोगायला शेजारी विसरावे लागत नाहीत, हे थोरोला १८५४ मध्ये ठाऊक होतं. आपले प्रवासवर्णनकार थोरोकडून तळं घेतात, हे प्रकरण मात्र घेत नाहीत.

आपल्या भाषेतही याला आधार आहे. ‘वाइल्डरनेस’ला मराठीत नेमका शब्द नाही अशी तक्रार आपण ऐकतो. आम्हांला ती तक्रार वाटत नाही, ती भाषेची समजूत वाटते. आपल्या रानात रानभाजी आहे, रानवाट आहे, रानात राबणारी माणसं आहेत. अरण्यात आश्रम आहेत. माणूस वजा केल्यावर उरणारं रान आपल्या भाषेने कल्पिलंच नाही. आणि न तोडण्याचा नियम मात्र आपल्याकडे आहे : देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या तुकड्यांचं मोल शास्त्राच्या भाषेत पुढे आलं. देवराईत लाकूड तोडायचं नाही हे गाव ठरवतं, आणि ते गाव तिथेच शेजारी राहतं. देवरायांचं गोडवं गाणं हा आजचा विषय नाही. त्याही तुटल्या, विकल्या गेल्या, देवळांच्या सिमेंटखाली गेल्या. मुद्दा एवढाच, की हात आवरायला माणसं हुसकावावी लागतात असं नाही. कारहार्टचा नकार आणि यजमानांची हजेरी या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे आपल्याला आपल्याच डोंगरात दिसतं.

तेव्हा शेवटी समीक्षक म्हणून मागणं काय? तळ्याकाठचं सुख लिहू नका, असं मुळीच नाही. पोटभर लिहा. चार-पाच दिवस रेंज नसणं, मुलाने पहिल्यांदा वल्हं धरणं, रात्री बर्फगार पाण्यावरून येणारा वारा, या गोष्टी लिहिण्यासारख्याच आहेत. फक्त ‘तिथे कोणीच नव्हतं’ हे वाक्य लेखणीवर आलं की तिथे जरा थांबा. कोण नव्हतं, आणि कोण नसावं असं कुणी ठरवलं, हे एकदा स्वतःला विचारा. उत्तर दोन वाक्यांत मावेल. एक वाक्य यूट लोकांचं, एक त्या सव्वीस वर्षांच्या मोजणीवाल्याचं. मग तंबू साठ मीटर मागे का आहे ते वाचकाला कळेल, आणि तळं आहे त्याहून कमी सुंदर दिसणार नाही.